डोंगरधारेवरून जाणारे शिकारी पक्षी कसे मोजायचे: हॉक माउंटनच्या निमित्ताने

सप्टेंबरच्या मध्यावर न्यू जर्सी किंवा पूर्व पेन्सिल्वेनियात असाल, रात्री पाऊस पडून गेला असेल आणि सकाळी गार वाऱ्यासोबत आभाळ धुतल्यासारखं झालं असेल, तर त्या दिवशी सुट्टी टाका. दोन तासांच्या अंतरावरच्या एका डोंगरावरून त्या दिवशी शेकडो, कधी हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातील. ते बघायला काहीच शिकावं लागत नाही. मोजायला मात्र शिकावं लागतं. मी गेली काही वर्षं ते शिकते आहे, आणि आपल्या माणसांपैकी कुणाला यात उतरायचं असेल तर पहिल्या सीझनला जे मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

नुसतं बघायचं सोडून मोजायचं कशासाठी, हे आधी सांगते. ते मनात पक्कं असलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

या आकड्यांनी काय केलं

पेन्सिल्वेनियातल्या किटाटिनी डोंगररांगेवर केम्प्टन गावाजवळ हॉक माउंटन आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक तिथे बंदुका घेऊन जायचे आणि समोरून जाणारे ससाणे, गरुड, बाज पाडायचे. शिकारी पक्षी म्हणजे उपद्रव, अशीच तेव्हाची समजूत होती. १९२९ साली पेन्सिल्वेनिया राज्याने गॉसहॉक या मोठ्या बाजावर ५ डॉलरचं बक्षीस लावलं होतं. मंदीच्या काळात ५ डॉलर म्हणजे मोठी रक्कम. रिचर्ड पॉफ नावाच्या तरुणाने तिथे मरून पडलेल्या पक्ष्यांचे फोटो काढले. ते पक्षीरक्षणासाठी झगडणाऱ्या न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिले, आणि १९३४ साली त्यांनी सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला. राखणीला मॉरिस ब्राऊन आणि त्यांची पत्नी अर्मा यांना नेमलं. बंदुका थांबल्या. ब्राऊन यांनी त्याच शरदात पक्षी मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ती मोजणी आजवर चालू आहे.

याचा उपयोग काय झाला ते पाहा. ब्राऊन बॉल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, मोजताना वयाने मोठे आणि लहान वेगळे लिहीत. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के त्या वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एकच पिल्लू. म्हणजे गरुड आभाळात दिसत होते, पण घरटी रिकामी जात होती. लेखिका रॅचेल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जी बाजू मांडली, तिच्यात हे आकडे होते. १९७२ मध्ये अमेरिकेत शेतीतली डीडीटीची फवारणी बंद झाली, आणि आज त्याच दगडांवर बसून एका दिवसात अनेक बॉल्ड ईगल दिसतात.

विचार करा, ब्राऊन यांनी नुसतं "आज गरुड दिसले" असं लिहिलं असतं तर? किंवा फक्त चांगल्या दिवशी मोजलं असतं, कंटाळवाण्या दिवशी वही उघडलीच नसती तर? आकड्याला किंमत येते ती रोज एकाच पद्धतीने मोजल्यामुळे. ज्या तासात एकही पक्षी गेला नाही, त्या तासाचं शून्यही तितकंच जपून लिहायचं.

कुठे जायचं

हॉक माउंटनवर दोन मुख्य जागा आहेत. साऊथ लुकआउट प्रवेशापासून अगदी जवळ आहे आणि वाट सोपी आहे. आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला तिथेच नेलं होतं, गुडघ्यांची तक्रार असूनही ती आरामात चालली. समोर खाली दगडांची एक लांब नदीच पसरलेली दिसते, तिला रिव्हर ऑफ रॉक्स म्हणतात. नॉर्थ लुकआउट साधारण १,५०० फूट उंचीवर आहे. तिथे जायला पाऊण-एक मैल चालावं लागतं आणि शेवटचा भाग दगडांवरून चढायचा आहे. खरी मोजणी होते ती इथे. वाटेवर जायला तिकीट आहे, कुत्रा नेता येत नाही. टॉयलेट खालीच उरकून घ्या.

न्यू जर्सीतच राहायचं असेल तर माँटक्लेअरची जागा आहे, तिथे १९५७ पासून मोजणी होते आणि सप्टेंबरमधल्या ब्रॉडविंग हॉक या रुंद पंखांच्या बाजासाठी ती उत्तम आहे. केप मे अगदी दक्षिण टोकाला, समुद्राकाठी. तिथे १९७६ पासून मोजतात. केप मेला ससाणे आणि शिक्र्याच्या जातीचे पक्षी भरपूर दिसतात, कारण किनाऱ्याच्या कडेकडेने आलेले पक्षी जमिनीच्या टोकाशी येऊन अडतात. पण समोर डेलावेअरची खाडी पाहून तेच पक्षी मागे फिरतात, पुन्हा येतात. तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा धोका तिथे फार मोठा आहे. म्हणून मोजणी शिकायला माझं मत डोंगरधारेलाच. तिथे पक्षी एका दिशेने येतात, एका दिशेने जातात.

केव्हा जायचं

अधिकृत मोजणी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर चालते. सगळे पक्षी एकदम जात नाहीत, प्रत्येक जातीची आपली वेळ असते.

ऑगस्टअखेरीला मासे मारणारा ऑस्प्रे, बॉल्ड ईगल आणि अमेरिकन केस्ट्रेल हा छोटा ससाणा सुरू होतात. सप्टेंबरच्या १० पासून २५ पर्यंत ब्रॉडविंग हॉकचा जोर. बहुतेक वर्षी तेव्हा आपले गणपती किंवा पितृपंधरवडा चालू असतो. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा शार्प-शिन्ड हॉकचा, इथले लोक त्याला लाडाने शार्पी म्हणतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात रेडटेल हॉकची, आणि त्याच सुमाराला, दिवाळीच्या मागेपुढे, गोल्डन ईगल. आपले सण मागेपुढे होतात, पक्षी फारसे होत नाहीत, तेव्हा तारखा इंग्रजीच लक्षात ठेवा.

एकदाच जायचं असेल तर १६ ते २० सप्टेंबरच्या दरम्यान जा. हॉक माउंटनवर एका सीझनला सरासरी १८,००० च्या आसपास शिकारी पक्षी मोजले जातात, आणि १४ सप्टेंबर १९७८ या एकाच दिवशी २१,४४८ मोजले गेले होते. असा दिवस मला लाभलेला नाही. पण सप्टेंबरात कुठल्याही सकाळी तो उगवू शकतो.

तारखेइतकंच हवामान महत्त्वाचं. थंड हवेची आघाडी पुढे सरकली की मागून वायव्येचा वारा सुटतो. ही डोंगररांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली आहे, त्यामुळे वायव्येचा वारा तिच्या कुशीवर सरळ आपटतो आणि वर चढतो. पक्षी त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरून बसतात आणि पंख न हलवता मैलन् मैल घसरत जातात. आघाडी गेल्यानंतरचे दोन दिवस सोन्यासारखे. ब्रॉडविंगला मात्र जोराचा वारा लागतोच असं नाही. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात, त्यात हे पक्षी गोल गोल वर चढतात, आणि उंची मिळाली की पुढच्या झोताकडे तिरके घसरतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेपर्यंतचा प्रवास ते बराचसा असाच करतात. पाऊस आणि दाट धुकं असेल तर जाऊ नका. दक्षिणेचा वारा असेल तर जा, पण अपेक्षा कमी ठेवा.

सोबत काय न्यायचं

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. चष्मा असेल तर चष्म्यासकट नीट दिसतं ना, हे दुकानातच बघा. स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एकनळी दुर्बीण) पहिल्या वर्षी नको. त्यात बघत बसलं की डोक्यावरून जाणारा पक्षी निसटतो.

हातात धरायचा टॅली काउंटर (बटण दाबलं की आकडा एकाने वाढवणारं छोटं यंत्र) घ्या, दोन असतील तर उत्तम. मोबाइलवरचं ॲप चालत नाही, कारण मोजताना नजर खाली न्यावी लागते. लोखंडी बटण अंगठ्याला न बघता सापडतं. वही, पेन्सिल (थंडीत पेनाची शाई गोठते), आणि क्लिप असलेला पुठ्ठा.

दगडावर बसायला जाड उशी. डोंगरावर वारा असतो, खालच्यापेक्षा बराच गारठा लागतो; ऑक्टोबरात कानटोपी आणि हातमोजे हवेतच. उन्हापासून बचावाला कडा असलेली टोपी. पाणी भरपूर. डबा असा न्या की एका हाताने खाता येईल, आणि पोळीचा रोल सगळ्यात सोयीचा. आम्ही शेंगदाण्याची चटणी लावून नेतो.

पक्षी शोधायचा कसा

नवा माणूस दुर्बीण डोळ्याला लावून आभाळभर फिरवत राहतो. त्याने काही सापडत नाही. पद्धत अशी आहे.

आधी साध्या डोळ्यांनी डोंगराची कड डावीकडून उजवीकडे तपासा. मग दुर्बिणीने तीच कड. दुर्बिणीत दिसणाऱ्या गोलाच्या खालच्या काठावर झाडांचे शेंडे राहतील अशी धरा आणि हळूहळू सरकवा. मग एक गोल वर, पुन्हा परत. मग आणखी एक गोल वर. शेवटी डोक्यावर. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. मग थोडा वेळ डोळ्यांना विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला दूरच्या ढगावर फोकस पक्का करून ठेवा, म्हणजे दूरचा पक्षी दिसताच स्पष्ट दिसतो. निरभ्र निळं आभाळ सगळ्यात अवघड, कारण नजर कशावर ठरतच नाही. पांढरे ढग असतील तर त्यांच्या पार्श्वभूमीवर आणि कडांना बघा. दुपारी बाराच्या सुमाराला पक्षी एकदम दिसेनासे होतात. ते जातच असतात, फक्त गरम झोतांवर फार उंच चढलेले असतात. अशा वेळी पाठीवर आडवं होऊन बघणारी माणसं तुम्हाला दिसतील, तीच पद्धत योग्य आहे. सूर्याजवळून पक्षी गेला तर दुर्बीण त्याच्यामागे नेऊ नका, डोळा कायमचा जाईल.

दुसऱ्याला पक्षी दाखवणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. नॉर्थ लुकआउटवरून दिसणाऱ्या टेकाडांना १ ते ५ नंबर दिलेले आहेत. "तो बघ, तिथे!" याने कुणालाच काही दिसत नाही. "तीन नंबरवर, झाडांच्या वर एक गोल, उजवीकडे येतोय" असं सांगितलं की दहाही माणसांच्या दुर्बिणी एका जागी पोचतात. तुमच्या गच्चीवरून किंवा गावच्या टेकडीवरून मोजणार असाल तर पहिल्या दिवशीच अशा खुणा ठरवून त्यांना नावं द्या: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, एकटं झाड.

ओळख: आधी आकार, मग पिसं

दूरच्या पक्ष्याचा रंग दिसत नाही. आकार आणि उडण्याची लय दिसते. आधी तो कुठल्या घराण्यातला हे ठरवा.

रुंद पंख आणि पंख्यासारखी आखूड शेपटी असेल तर ब्युटिओ: ब्रॉडविंग, रेडटेल, रेडशोल्डर. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, आणि तीन-चार वेळा पंख मारून मग घसरणं, हा आपल्या शिक्र्याचा गोतावळा: शार्पी, कूपर्स हॉक, गॉसहॉक. टोकदार पंखांचे ते ससाणे: केस्ट्रेल, मर्लिन, आणि बहिरी ससाणा. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, कमरेवर पांढरा पट्टा, आणि झाडांलगत डुलत जाणारा, तो भोवत्या. माळरानावर भोवत्या पाहिलेल्याला इथला नॉर्दर्न हॅरियर ओळखायला क्षणही लागत नाही. ऑस्प्रेचे पंख मनगटात वाकलेले, समोरून इंग्रजी एमसारखे. बॉल्ड ईगल फळी टाकल्यासारखा सपाट, अजिबात न डगमगणारा. टर्की व्हल्चर व्ही करून उडतो आणि सारखा तोल गेल्यासारखा डावीउजवीकडे हलतो.

घराणं कळलं की पुढचं. ब्रॉडविंग खालून फिकट, पंखांना काळी किनार, पंखांची टोकं मेणबत्तीच्या ज्योतीसारखी निमुळती. रेडटेलच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मान आणि मनगट यांच्या मधे, गडद पट्टी असते. ती दुसऱ्या कुणाला नसते.

सगळ्यात जास्त वाद होतात शार्पी आणि कूपर्सवर. शार्पीचं डोकं छोटं, पंखांच्या पुढे जेमतेम आलेलं. शेपटीचं टोक सरळ कापल्यासारखं. पंख इतके भरभर हलतात की मोजता येत नाहीत. कूपर्सचं डोकं पुढे ठसठशीत आलेलं, शेपटी गोल आणि टोकाला जाड पांढरी किनार, पंखांची हालचाल ताठ आणि सावकाश. मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामुळे आकारमानावर भरवसा ठेवू नका. मोठी शार्पी मादी आणि छोटा कूपर्स नर दूरून सारखेच वाटतात.

कळलं नाही तर? तर "अनोळखी" लिहायचं. तक्त्यात त्यासाठी वेगळे रकाने असतात: अनोळखी ब्युटिओ, अनोळखी ससाणा, अनोळखी गरुड, आणि काहीच कळलं नाही तर नुसता अनोळखी शिकारी पक्षी. पहिल्या वर्षी मला हे रकाने भरायची लाज वाटायची. आता उलट वाटतं: ज्याच्या तक्त्यात एकही अनोळखी नाही, त्याच्या तक्त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मोजणी

एक अदृश्य रेघ ठरवा. तुम्ही बसलात तिथून डोंगराला काटकोनात, दोन्ही बाजूंच्या दरीवरून जाणारी. पक्षी ती रेघ ओलांडून प्रवासाच्या दिशेने पुढे गेला की एक. समोर घिरट्या घालतोय, दिसतोय, ओळखलाय, पण ओलांडला नाही? शून्य. ओलांडून गेला आणि परत आला? एक वजा करा. एवढा एक नियम पाळला तर निम्म्या चुका टळतात.

स्थानिक पक्षी यातून गाळावे लागतात. डोंगरावर राहणारी रेडटेलची जोडी आणि गिधाडं दिवसभर समोर असतात. प्रवासी पक्षी सरळ रेघेत, ठरलेल्या उंचीवर, न थांबता जात राहतो. स्थानिक फिरतो, पाय खाली सोडतो, झाडावर बसतो, दुसऱ्या रेडटेलला हुसकावतो. एखाद्याचं पंखातलं पीस तुटलेलं असेल तर ती खूण लिहून ठेवा, दुपारी तोच पुन्हा आला की ओळखता येतो.

आता भोवरा. गरम झोतात शंभर-दोनशे ब्रॉडविंग एकाच वेळी फिरत वर चढतात, इथे त्याला केटल म्हणतात. माझ्या दुसऱ्या सप्टेंबरात असा पहिला मोठा भोवरा चार नंबरच्या टेकाडावर उठला. मी भराभर फिरते पक्षी मोजले, १४० लिहिले. थोड्या वेळाने ते सगळे आमच्या डोक्यावरून पुढे सरकले, तेव्हा मी पुन्हा मोजले आणि ७२ झाले. शेजारी वीसेक वर्षं मोजणारे एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या वहीत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ओलांडताना किती होते?" ७२. मी १४० खोडलं. फिरणारे पक्षी मोजताना तेच पक्षी समोरच्या बाजूने पुन्हा येतात आणि आपण त्यांना पुन्हा धरतो.

म्हणून फिरताना मोजायचं नाही. थांबायचं. भोवऱ्याचा माथा बघत राहायचा. वर पोचलेला पहिला पक्षी पंख थोडे मिटतो, तिरका होतो, आणि बाहेर पडतो. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, आणि मग माळेतले मणी ओघळावेत तशी रांगच लागते. त्या रांगेत एक जागा धरा, ढगाची कड किंवा दुर्बिणीचा मधला भाग, दुर्बीण स्थिर ठेवा, आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला अंगठा दाबा. टिक, टिक, टिक. दुसरं काही बोलू नका. शेजाऱ्याला सांगून ठेवा की मागून दुसरा भोवरा आलाच तर तो त्याने बघायचा.

रांग फारच दाट असेल तर दहा-दहाने मोजा. दहा पक्षी खरोखर मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात ठेवा, आणि तेवढे तुकडे पुढे सरकवत न्या. दर चार-पाच तुकड्यांनी एक तुकडा पुन्हा नीट मोजून घ्या, कारण दाटी बदलते. याची तालीम घरी करता येते. स्टीलच्या ताटात मूठभर शेंगदाणे पसरा, दोन सेकंद बघा, आकडा कागदावर लिहा, मग मोजा. आठवडाभर रोज दहा वेळा करा. तुम्ही कायम कमी सांगता की कायम जास्त, ते कळेल. आम्ही घरात केलं तेव्हा जवळजवळ सगळेच मोठ्या ढिगाला कमी सांगत होते.

तक्ता

दर तासाला नवी ओळ. एक मोठी सूचना: अमेरिकेत हे तक्ते प्रमाण वेळेत भरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणजे तुमच्या घड्याळात दहा वाजले असतील तर तक्त्यावर नऊ. नाहीतर नोव्हेंबरात अचानक सगळे पक्षी तासभर लवकर आल्यासारखे दिसतात.

तासाच्या सुरुवातीला हवामान लिहा: वारा कुठून आणि किती जोराने, तापमान, ढग किती टक्के, किती लांबचं दिसतंय. मग पक्षी कोणत्या उंचीवरून गेले: नजरेच्या खाली, साध्या डोळ्यांना सहज दिसतील असे, की दुर्बिणीशिवाय दिसणारच नाहीत असे. मोजणारी माणसं किती होती हेही लिहा. दोन डोळ्यांपेक्षा सहा डोळ्यांना जास्त पक्षी दिसतात, आणि वीस वर्षांनी कुणी हे आकडे ताडून पाहील तेव्हा हा फरक त्याला कळला पाहिजे.

वय लिहिता येईल तिथे लिहा. बॉल्ड ईगलला पांढरं डोकं यायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. तपकिरी डोक्याचे वेगळे टाका. याच एका सवयीने १९५७ सालची रिकामी घरटी कागदावर आली होती.

पहिल्या सीझनला अधिकृत मोजणाऱ्याच्या कामात मधे पडू नका. त्याच्या जवळ बसा, आपली वही वेगळी ठेवा, मनात मोजा, आणि तास संपला की फळ्यावरचा आकडा बघा. माझे बारा शार्पी आणि फळ्यावर एकोणीस, असं बराच काळ व्हायचं. कुठले सात निसटले ते विचारा. लोक फार आनंदाने सांगतात. अधिकृत आकडे उत्तर अमेरिकेच्या हॉक मायग्रेशन असोसिएशनकडे जातात. १९७४ पासून ही संस्था ठिकठिकाणच्या मोजण्या एकत्र करते, आणि केस्ट्रेल अमेरिकेच्या ईशान्य भागात कमी होत चालली आहे हे अशाच मोजण्यांमधून लक्षात आलं.

बाकीची पाखरं

शिकारी पक्षी नसतील तेव्हा आभाळ रिकामं नसतं. ब्लू जे दिवसा थव्याने जातात, झाडांच्या शेंड्यांवरून, आवाज न करता. कॅनडा गीज या रानहंसांचा बाण दिसला तर आधी लांब बाजू मोजा, मग आखूड. ते सोपं आहे, कारण प्रत्येक पक्षी आपली जागा सोडत नाही. चिमणीएवढ्या पक्ष्यांचे थवे दहा-दहाने. मोनार्क फुलपाखरंही याच वाटेने मेक्सिकोकडे निघालेली असतात. एका सप्टेंबरात पक्षी कमी होते म्हणून आम्ही तासभर तीच मोजली. यांचा तक्ता वेगळा ठेवा, आणि ब्रॉडविंगचा भोवरा उठला की तो सरळ बाजूला ठेवा.

नॉर्थ लुकआउटवर एका काठीवर प्लास्टिकचं घुबड लावतात. शिकारी पक्ष्यांना घुबडाचा राग, त्यामुळे ते जवळ येतात. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी त्या काठीपासून आठ-दहा फुटांवर बसले होते. खालच्या झाडीतून शार्पी आला, काहीही आवाज न करता. घुबडाच्या डोक्याशी पोचताना त्याने पाय पुढे टाकले. बारीक, पेन्सिलीसारखे पिवळे पाय. शेपटी पूर्ण उघडली, छातीवरचे तपकिरी उभे फराटे दिसले, आणि पिवळा डोळा. वयात आलेल्या शार्पीचा डोळा लाल होत जातो. पिवळा आणि फराटे म्हणजे याच उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं पिल्लू. त्याने एकदा वळून पाहिलं, वाऱ्यावर उचलला गेला आणि दोन सेकंदांत रेघेपलीकडे नैर्ऋत्येला दिसेनासा झाला. माझा अंगठा आपोआप दाबला गेला होता.

गावी मोजायचं असेल तर

महाराष्ट्रात डोंगरधारेवरून असा लोंढा जात नाही, पण हीच शिस्त तिथेही लागते. पाऊस सरला की मध्य आशियातून भोवत्या पुणे, सोलापूर, नगरच्या माळरानांवर येतात आणि रात्री गवतात एकत्र उतरतात. तिथे रेघेऐवजी घड्याळ वापरायचं. सूर्यास्ताच्या तासभर आधी बसा, मुक्कामाच्या गवतापासून लांब, चौघं चार दिशांना. गवतात उतरणारा पक्षी एक. उतरून पुन्हा उठला की वजा एक. पूर्ण अंधार होईपर्यंत थांबायचं, कारण बरेचसे शेवटच्या पंधरा मिनिटांत येतात. टॉर्च लावायचा नाही, गवतात शिरायचं नाही. माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात, संधिप्रकाशात जाती ओळखू येत नाहीत; तिथेही "अनोळखी भोवत्या" हा रकाना ठेवा.

नोव्हेंबरात अमूर ससाणे नागालँडहून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे आणि पुढे आफ्रिकेला जातात. २०१३ साली नागालँडमध्ये ज्या ससाण्यांवर उपग्रह यंत्रं बसवली, त्यांच्यामुळे ही वाट नकाशावर आली. सह्याद्रीच्या कड्यांवर, लोणावळ्याच्या आसपास, ते थव्याने उडते किडे टिपताना दिसतात. मी हे सगळं आईला सांगितल्यावर तिने साऊथ लुकआउटवर पोळीचा रोल हातात तसाच धरून विचारलं, "मग आपल्या सिंहगडावर कुणी का नाही बसत मोजायला?" ती परत गेली तेव्हा तिच्या बॅगेत माझा जुना टॅली काउंटर होता. गेल्या नोव्हेंबरात तिने एका रविवारचा तक्ता फोनवर पाठवला: सकाळी ८ ते ९ शून्य, ९ ते १० घारी चार, स्थानिक, १० ते ११ अनोळखी ससाणे तीन. वारा ईशान्येचा. मोजणारे एक.